शटरबाहेरचं बटन

विमलमावशी, नालवाडीत सगळे सांगतात की तू झोपेत गेलीस. दुपारी शटर ओढून तुझ्या अलार्मच्या दुकानात आडवी झालीस आणि उठलीच नाहीस. कोणाला त्रास दिला नाहीस, कोणाकडून घोटभर पाणी करून घेतलं नाहीस. "पुण्यवान बाई," असं म्हणतात आणि दुसऱ्या विषयाला लागतात.

हे ऐकलं की माझ्या अंगाची आग होते. तू झोपेत गेली नाहीस. हाक मारत मारत गेलीस. ती हाक दुकानांच्या अख्ख्या ओळीला ऐकू गेली, आणि ती बंद करायला एक माणूस पायात चपला घालून मुद्दाम बाहेर आला.

मला हे कोणी चुगली करून सांगितलं नाही. त्या माणसानेच सांगितलं. गुणवंतभाऊनं. तुझ्या भिंतीला भिंत लावून ज्याचं भांड्यांचं दुकान आहे, ज्याच्या घरचा पोह्याचा डबा आपण दोघांनी कितीदा खाल्ला, त्या गुणवंतभाऊनं. मी इथं तामिळनाडूत, सिमेंटच्या प्लँटमध्ये मोठ्या पंख्याजवळ उभा होतो. नंबर पाहिला, कानातले बोळे काढले आणि जिन्याखाली येऊन फोन घेतला. तू गेल्याचं मला आदल्या दिवशी कळलं होतं. मला वाटलं, रडायला कोणीतरी हवं म्हणून फोन केला असेल.

"रोशन, एक गोष्ट सांगतो. पन कोनाले सांगू नको."

"काय झालं भाऊ?"

"सायरन वाजलता बे. विमलबाईच्या दुकानाचा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्या बंद केला. मले वाटलं कूलर हाय. दुकानात जाऊन टेकलो नाई तं पुन्हा वाजला. पुन्हा गेलो. अन् मंग बटन दाबून धरलं, म्हनलं रोजचीच कटकट हाय."

"भाऊ, मावशी आतच होती ना?"

"तेच तं. मले काय माहीत आत हाय म्हनून? मले वाटलं घरी गेली जेवाले." मग आवाज खाली आणून म्हणाला, "अन् रोशन, कूलर चालू नवताच रे. कोनाचाच नवता. लाईन गेलती साऱ्या ओळीची. हे मले सांजच्याले ध्यानात आलं, कडी तोडली तं थे शटरले टेकूनच होती, फोन तिकडं काउंटरवर."

मावशी, लाईन गेलेली होती. सायरन बॅटरीवर चालतो, पण वीज नाही तर कूलर कसा हलणार? हे पाचवीतल्या पोरालाही कळतं. गुणवंतभाऊलाही कळतं. पण सायरन वाजला की कूलर, आणि कूलर म्हणजे बटन, हे आपल्या ओळीच्या हाताला इतकं बसलं होतं की डोक्याला विचारायचं कामच उरलं नव्हतं. घामानं तो स्वतः भिजलेला होता. कूलर बंद म्हणून त्याला झोप लागत नव्हती. तशाच अवस्थेत तो उठला आणि बंद असलेल्या कूलरमुळे वाजलेला सायरन त्यानं बंद केला.

आणि बटन कुठं आहे? तुझ्याच शटरच्या बाहेरच्या बाजूला. तो तिथं उभा होता तेव्हा तू गरमीनं गळून, कडी काढायचंही त्राण नसलेली, आतून शटरला टेकलेली होतीस. मधे पत्रा होता, बस.

ज्यानं आपली ओळ पाहिली नाही त्याला हे पटायचं नाही म्हणून सांगतो. नालवाडीची आपली दुकानं एकाच लांब लोखंडी गर्डरखाली उभी आहेत. उन्हाळ्यात प्रत्येकाचा कूलर शटरच्या चौकटीला वेल्डिंग केलेल्या स्टँडवर असतो. दुपारी सगळे दुकानदार शटर ओढून अलार्म लावतात; निम्मे घरी जेवायला जातात आणि निम्मे आतच कूलरसमोर लवंडतात. मग एखाद्या कूलरचा पंखा ढिला होतो, स्टँड थरथरतं, स्टँडमुळे गर्डर, गर्डरमुळे दोन दुकानं सोडून तिसऱ्याचं शटर. त्या शटरला तू बसवलेला सेन्सर चिकटलेला असतो. तो ओरडायला लागतो. मालक घरी ताटावर बसलेला. त्यानं त्या उन्हात परत यायचं, कुलूप उघडायचं, चावी फिरवायची, आणि पाहायचं काय, तर काहीच नाही.

सेन्सरचा यात काय दोष? काडेपेटीएवढी डबी. आत नाण्याएवढी पितळी चकती. लोखंड हादरलं की ती कणभर वीज सोडते आणि सायरनला सांगते की हादरलं. काय हादरलं, काऊन हादरलं, हे तिला कळत नाही. "ते मानसानं जाऊन पाहाव लागते," हे वाक्य तुझंच आहे.

मी तुझ्याकडे कसा आलो ते तुला आठवत असेल. वडनेरहून आमच्या घरची वांगी-कोबी घेऊन मी तुझ्या दुकानासमोर बसायचो. आठवीतच शाळा सोडली होती. मास्तरनं नाव पुकारलं की मी बाकाखाली वाकायचो, आणि घरी कोणी म्हटलं नाही की जा. माणसं वाढली की मी आजही भिंतीकडे सरकतो. तर मी क्रेट बांधत होतो आणि तू काउंटरवरून पाहत होतीस.

"काऊन रे, एका दोरीले तीन गाठी कायले?"

"सुटन म्हनून."

"सुटली का कधी?"

"नाई."

"मंग?"

"म्हनूनच नाई सुटली."

तू इतकी हसलीस की गिऱ्हाईक वळून पाहायला लागलं. मग म्हणालीस, "उद्यापासून माह्याकडे येजो. या धंद्यात भेदरट मानूसच पायजे. ज्याले भेवच नाई वाटत, तो अलार्म कायले नीट बसवन?"

माझ्या भित्रेपणाची तोवर सगळ्यांनी टर उडवली होती. तू पहिली, जिनं त्याला काम दिलं. पहिल्या दिवशी मी तुला "तुम्ही, तुम्ही" करत होतो तर म्हणालीस, "कोनाकोनाले बोलावून राह्यला? मी एकटीच हाव इथं." तेव्हापासून तू मावशी.

शटरवरचा रंग खरवडून उघडं लोखंड लागेपर्यंत डबी चिकटवायची नाही, हे तू शिकवलंस. रंगावर चिकटवली की ती रंगाचं ऐकते, लोखंडाचं नाही. बारीक स्क्रू उजवीकडे फिरवला की माशी बसली तरी बोंबलते, डावीकडे फिरवला की हातोडा मारला तरी गप्प. मधली जागा शोधायला तू शटरवर नाणं आपटायचीस. टक. थांबायचीस. टक. "चोर असाच असते," म्हणायचीस, "थो एकदम धाडधाड नाई करत. टक करते, अन् कोनी येते का पाहाते." मी आत बसून सांगायचो, वाजला, नाही वाजला. तू उन्हात बाहेर. त्या वेळी मला कधी सुचलं नाही की तू आत असशील आणि टक करशील, आणि कोणी येतं का पाहशील.

मला तुझा राग येतो, मावशी. गुणवंतभाऊचा येतो तो वेगळा. तुझा जास्त येतो. कारण तू भेकड नव्हतीस.

हिंगणघाटकडची ती जिनिंग आठव. मोठ्या पंख्याला आपण हादऱ्याचा स्विच लावून दिला होता. पंखा मर्यादेबाहेर हलला की मोटर आपोआप बंद. कापसाचा हंगाम भर आला आणि मॅनेजरचा फोन आला की येऊन स्क्रू ढिला करा, मशीन सारखं थांबतं. आपण गेलो. तू पंख्याच्या ठोकळ्यावर तळहात ठेवलास, मग माझा हात धरून ठेवलास. आतून खरखर लागत होती.

"बेअरिंग बदला," तू म्हणालीस.

"बाई, बेअरिंग हंगामानंतर. आता फक्त स्क्रू फिरवा."

"नाई फिरवनार."

"मशीन आमचं आहे."

"मशीन तुमचं हाय, त्याच्या बाजूले उभे राह्यनारे पोट्टे कोनाचे हायेत? थे तं तुमचे नाईत ना? मंग मी स्क्रू नाई फिरवत."

त्यानं आपल्याला परत कधी बोलावलं नाही. येताना बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून बसलीस आणि मला म्हणालीस, "आपलं काम मशीनले बोलतं करनं हाय. तिचं तोंड दाबनं नाई." मला तेव्हा वाटलं, अशी बाई मी जन्मात पाहिली नाही.

तीच तू आपल्या ओळीपुढं विरघळलीस.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ओळीतले ते सगळे आले होते. पुढं कापडवाला नत्थूशेठ, मागं गुणवंतभाऊ, आणखी दोन-चार. कोणी भांडायला नव्हतं आलं. उसाचा रस घेऊन आले होते.

"विमलबाई, तुमचा अलार्म चांगला हाय, पन दुपारी जीव खाते," नत्थूशेठ म्हणाला. "घरी घास तोंडात अन् इकडं बोंब. एक बटन बाहेर द्या. शेजारी हायेत ना आपले. ज्याच्या कानावर पडन, थो बंद करन. शेजारधर्म हाय."

"हाव न," गुणवंतभाऊ म्हणाला, "तुमचा वाजला तं मी करीन, माह्या वाजला तं तुम्ही करा."

ते गेल्यावर आपलं जुंपलं. इतकं मी तुझ्याशी कधी बोललो नव्हतो.

"मावशी, बाहेरून बंद करता आलं तं अलार्म कायले?"

"चोराले बटन कुठी हाय हे कोन सांगनार?"

"साऱ्या ओळीले माहीत राहीन."

"ओळीतले काय चोर हायेत? रस पेलास ना आताच त्याइचा?"

"चोराचं सोड. बंद करनाऱ्यानं पाह्यलंच नाई तं? नुसतंच बंद केलं तं?"

"पाहातीन ना रे. शेजारी हायेत."

"जिनिंगवाल्याले नाई म्हनलं तू."

"थो परका होता," तू म्हणालीस. मग हळू आवाजात, "रोजचं तोंड पाहाव लागते यायचं. परक्याले नाई म्हननं सोपं असते, रोशन. तुले कळन."

मला कळलं, मावशी. कळलं आणि पटलं नाही. मी म्हटलं, मी हात लावणार नाही. तू म्हणालीस, नको लावू. नमुना म्हणून पहिलं बटन तुझ्याच शटरला लागलं. स्टुलावर तू चढलीस, ड्रिलही तूच धरलंस, लोखंडाचा कीस तुझ्या केसांत उडत होता आणि मी स्टूल धरून गाल फुगवून उभा होतो. एकदा दाबलं की सायरन थांबेल, पुन्हा हादरा बसला की पुन्हा वाजेल. दाबून धरलं की पार बंद, मालक चावी फिरवेपर्यंत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग एकेक करून ओळभर बटनं लागली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तू मला इथं पाठवलंस. जिनिंगांना येणाऱ्या एका दूरच्या कंपनीच्या माणसाशी तूच बोललीस, तामिळनाडूत सिमेंटच्या प्लँटमध्ये सेन्सरच्या कामाला पोरगा पाहिजे म्हणाला तर माझं नाव तूच दिलंस. मी नाही म्हणत होतो. भाषा येत नाही, माणूस ओळखीचा नाही, रस्ता माहीत नाही. तू माझी पिशवी भरलीस. स्टेशनवर मी डब्याच्या दारात थरथरत होतो तर म्हणालीस, "थरथर चांगली. ज्या दिवशी थांबन, त्या दिवशी घाबरजो."

एक गोष्ट तुला विचारायची राहिली. तू मला माझ्या भल्यासाठी पाठवलंस, की माझं तोंड रोज समोर नको म्हणून? फोनवर कितीदा ओठापर्यंत आलं. तू दरवेळी जेवलास का, एवढंच विचारायचीस. आता दोन्ही उत्तरं मीच देतो आणि एकही धड वाटत नाही. मी गेलो नसतो तर त्या दुपारी दुकानात कूलरसमोर मी लोळत असतो. हे तुला सुनावायचं होतं. आणि हेही सांगायचं होतं की इथं माझ्या हाताला काम आहे, लोक मला नावानं बोलावतात, तमिळमध्ये दोन शिव्या आणि चार भाज्यांची नावं येतात, आणि यातलं सगळं तुझ्यामुळे आहे. दोन्ही एकाच फोनमध्ये कसं सांगायचं ते जमलं नाही.

इथं काय करतो ते तुला कधी नीट सांगितलं नाही. भट्टीच्या मोठ्या पंख्यांना, गिअरबॉक्सना, प्रत्येक बेअरिंगला सेन्सर आहे. थरथर वाढली की खोलीतल्या पडद्यावर लाल दिसतं आणि घंटा होते. घंटा तिथं बसून बंद करता येत नाही. मशीनपाशी जायचं, हात लावून, कान लावून पाहायचं, तिथल्या डब्यावरची कळ दाबायची, मगच घंटा थांबते. माझ्यासारख्या भित्र्याला ते फार आवडतं. आणि कंपाउंडच्या जाळीवर एक वायर आहे, कोणी चढलं की तिला कळतं. ती रोज वाजते. दरवेळी बकरी असते. तिकडचा एक म्हातारा गार्ड काठी घेऊन दरवेळी तिथपर्यंत चालत जातो. मी त्याला मोडक्या हिंदीत विचारलं, माहीत असताना काऊन जाता? तो म्हणाला, बकरी है ये देखने जाता हूँ. मला तुला हे सांगायचं होतं. बटनावरून पुन्हा भांडायचं होतं. या वेळी मी जिंकलो असतो.

तर गुणवंतभाऊचा फोन झाला, आणि मी नत्थूशेठला फोन लावला. म्हटलं, शेठ, ओळीतली बाहेरची बटनं काढायला सांगा.

"कायले?"

"धोक्याची आहेत."

"विमलबाई गेली अन् तुले बटन सुचून राह्यलं? झोपेत गेली रे बिचारी. बटनाचा काय संबंध?"

मी अडकलो, मावशी. संबंध सांगायचा तर गुणवंतभाऊचं नाव घ्यावं लागणार. त्यानं हात जोडले होते फोनवर. "वैशालीले नको सांगू रे. त्या पोरीले मी तोंड कसं दावू?" तुझ्या लेकीला, वैशालीला, लहानपणी त्यानं सायकलवर शाळेत सोडलेलं. संध्याकाळी शटर उघडलं नाही म्हणून कडी तोडणाराही तोच, तुला उचलून रिक्षात घालणाराही तोच. खांदाही दिला. आणि नाव नाही घ्यायचं तर पुढच्या उन्हाळ्यात कोणीतरी दुसरा आतून ठोकेल, आणि कोणीतरी बाहेरून दाबेल. पुढच्या कशाला, याच.

अंत्ययात्रेला मला सुटी मिळाली नव्हती. तेरवीला मिळाली. गाडीत सगळा रस्ता मी वाक्य जुळवत होतो, आणि सेवाग्रामला उतरलो तेव्हा एकही उरलं नव्हतं.

मांडव दुकानांसमोरच घातला होता. पंगत बसली होती. गुणवंतभाऊ बुंदीची बादली घेऊन वाढत होता. माझ्याकडे त्यानं पाहिलं आणि नजर ताटांकडे नेली. नत्थूशेठ पाहुण्यांना सांगत होता, "काय मरन आलं बाईले! अशी झोप देवानं साऱ्याले द्यावी."

वैशालीताई माझ्याजवळ येऊन बसली. पुलगावहून आल्यापासून ती रडली नव्हती असं लोक म्हणत होते. मला हळूच म्हणाली, "रोशन, तुले तं दुकान माहीत हाय. माय नेहमी मांगं, कूलरजवळ झोपे. त्या दिवशी शटरपाशी काऊन होती? फरशी गार असते म्हने तिथं. असते का रे?"

दुपारचं ऊन त्या शटरवर थेट येतं, मावशी. तिथली फरशी तव्यासारखी असते. ती माझ्याकडे पाहत होती.

"नाही ताई," मी म्हटलं. "गार नसते."

"मंग?"

"तिनं आतून शटर ठोकलं. सायरन वाजावा म्हणून. फोन काउंटरवर राहिला होता."

"वाजला?"

"वाजला."

मी एवढंच बोललो. नाव माझ्या तोंडात होतं, बाहेर आलं नाही. पंगतीतली दोन-चार तोंडं थांबली होती. गुणवंतभाऊनं बादली जमिनीवर ठेवली. त्याला ऐकू गेलं होतं.

"म्या बंद केला, पोरी," तो म्हणाला. "मले कूलर वाटला."

"लाईन गेलती ना त्या दिवशी?"

"हाव."

वैशालीताई त्याच्याकडे पाहत राहिली. मला वाटलं ती ओरडेल, बादली लाथाडेल. मला वाटत होतं तिनं लाथाडावी. ती म्हणाली, "वाढा काका. लोकं बसलेत."

त्यानं बादली उचलली आणि वाढायला लागला. डावातून बुंदी ताटाबाहेर पडत होती. मग ती नत्थूशेठकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "शेठ, माह्यी माय झोपेत नाई गेली. हे आता पुन्हा कोनाले सांगू नका." आणि मला म्हणाली, "रोशन, बटनं काढ. आजच काढ."

"तेरवीच्या दिवशी ड्रिल चालवन का थो?" नत्थूशेठ म्हणाला.

"तुमचं नका काढू," ती म्हणाली.

त्यानं खरंच काढू दिलं नाही. म्हणाला, आमच्यात कोणी दुकानात झोपत नाही. कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्यानंही नाही म्हटलं. मला त्यांच्याशी भांडता आलं नाही, मी नुसता लाल होऊन उभा राहिलो. बाकीच्यांनी काढू दिली, कोणी लाजेनं, कोणी वैशालीताईच्या धाकानं. स्टूल तुझंच होतं. गुणवंतभाऊ आला आणि ते धरून उभा राहिला. "पहिले माह्यं काढ," म्हणाला. मी काढलं. त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. तुझ्या शटरचं काढताना माझ्या हातून स्क्रू खाली पडला. तो त्यानं शोधून दिला. तरी बोललो नाही.

जेवणं आटोपून पाहुणे पांगले, ओळीतले लोक शटर ओढून आडवे झाले. मी हत्यारं पिशवीत भरत होतो. आणि पलीकडच्या किराणा दुकानाचा सायरन वाजला. लाईन होती. कुठलातरी कूलर खडखडत होता, मला तो बसल्या जागेवरून ऐकू येत होता. मालक घरी गेलेला. बाहेर बटन नव्हतं, चार भोकं होती. सायरन वाजतच राहिला. या शटरमागून शिवी आली, त्या शटरमागून आली. कोणी उठेना.

गुणवंतभाऊ उठला. डोक्यावर दुपट्टा टाकला, तोंडानं कूलरच्या, किराणावाल्याच्या आणि माझ्याही आईचा उद्धार करत उन्हात गेला. मला वाटलं, हात सवयीनं भोकांकडे जाईल. तो वाकला. तळहातानं शटर बडवलं.

"कोनी हाय का आत? अरे कोनी हाय का?"

आतून काही आलं नाही. आत कोणी नव्हतं, हे मलाही माहीत होतं, त्यालाही. त्यानं खिशातून फोन काढून मालकाला लावला, "लवकर ये," एवढंच म्हणाला, आणि मालक येईपर्यंत त्या शटरला कान लावून उभा राहिला. सायरन त्याच्या डोक्यावरच बोंबलत होता. दुपारभर ऊन खाल्लेला पत्रा, मावशी. कान भाजत असणार. मी सावलीतून पाहत होतो. बोलवावंसं वाटलं नाही.

भाजू दे.